वहीत मी लिहिलं: मदत नको

आमच्या घरात पोहता येणारी मी एकटीच, आणि तेसुद्धा वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी शिकलेली. दोह्यात, मदिनत खलीफा भागातल्या आमच्या कंपाउंडच्या पूलमध्ये, चार-चार वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये, नाकाला क्लिप लावून. पोरं दोन आठवड्यांत तरंगायला लागली, मला चार महिने लागले. शेवटच्या दिवशी कोचने सगळ्यांबरोबर मलाही बदकाचं स्टिकर दिलं. ते मी फ्रिजवर लावलं, आणि नवऱ्याने पुढचे सहा महिने ते आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवलं.

त्यामुळे मी एकदा रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की अल रुवैसच्या बचाव बोटीवर स्वयंसेवक म्हणून मी नाव दिलंय, तेव्हा जो हशा पिकला तो अपेक्षितच होता. नवरा म्हणाला, "नाव कुठल्या यादीत दिलंयस? वाचवणाऱ्यांच्या की वाचणाऱ्यांच्या?" मुलगी म्हणाली, "आई, यू गेट सिक इन द लिफ्ट!" तिला मराठी सगळं कळतं, टोमणे तर जास्तच कळतात, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मी शांतपणे आमटीचं पातेलं उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. ज्याला हवी त्याने उठून घ्यावी.

दोष एका पुस्तकाचा होता. शेजारचं एक कुटुंब कायमचं मायदेशी निघालं, तेव्हा जाताना पुस्तकांचं एक खोकं आमच्या दारात ठेवून गेलं. त्यात थंड मुलखातल्या जुन्या समुद्री बचावांवरचं एक जाडजूड पुस्तक निघालं. भाजी शिजेपर्यंत चाळावं म्हणून उघडलं आणि भाजी करपली. त्यात लाकडी होड्या होत्या आणि त्या वल्हवणारे कोळी, सुतार, पाववाले होते. छातीला बुचाची जाकिटं बांधून ही माणसं डोंगराएवढ्या लाटांत घुसायची. एका गावात वादळामुळे होडी पाण्यात लोटताच येईना, तर गावकऱ्यांनी तिला घोडे जुंपले, डोंगर चढवून ती पलीकडच्या किनाऱ्यावर नेली, वाटेत आडव्या आलेल्या भिंती पाडल्या आणि मग, जणू काही झालंच नाही, अशा थाटात वल्ही मारायला बसले. दुसरीकडे दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी बापाबरोबर होडी घेऊन खडकावर अडकलेल्यांना आणायला गेली. मला ही सगळी माणसं फार आवडली. मुख्य म्हणजे त्यांच्यातलं कुणीही "आपल्याला काय करायचंय?" असं म्हणत नव्हतं. किनाऱ्यावर शाली गुंडाळून वाट बघत उभ्या असलेल्या बायकांची पानं मात्र मी भराभर उलटायचे. त्यात काही घडतच नाही, असं माझं मत होतं.

अल रुवैस दोह्याच्या उत्तरेला, गाडीने सव्वा तासावर. तिथल्या मासेमारीच्या बंदराजवळ आमच्या क्लबची एक पत्र्याची केबिन आहे, तिच्यात खोकणारा एक एसी आहे आणि बाहेर धक्क्याला बांधलेली नारिंगी रबरी बोट. खरं संकट आलं की ते काम तटरक्षक दलाचं. आम्ही म्हणजे समुद्रावरचे पंक्चरवाले. कुणाचं पेट्रोल संपलं, कुणाच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं, कुणी वाळूच्या पट्ट्यावर चढून बसलं, की जायचं आणि दोर बांधून ओढून आणायचं. तेही फक्त शुक्रवारी. दोन वर्षांत आम्ही वाढदिवसाच्या केकसकट अडकलेलं एक कुटुंब आणलं, वाऱ्याने उडून गेलेला एक तंबू आणला आणि एक शेळी आणली. शेळीला बोटीतून कुठे नेत होते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्याबरोबर दोघे असायचे. एक आमचा कप्तान, कुठल्याशा थंडगार बेटावरचा, उभा जन्म जहाजांवर काढलेला पांढऱ्या दाढीचा गृहस्थ. दुसरा इंजिन सांभाळणारा फिलिपिनो, त्याचं सगळं बोलणं शिट्टीतून. पहिल्या तीन शुक्रवारी मी बोटीवर गेले आणि तिन्ही वेळा पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून आले. चौथ्या शुक्रवारी कप्तानाने मला केबिनमध्ये वायरलेससमोर बसवलं. ही बढती आहे असं मी घरी सांगितलं. नवऱ्याने लगेच विचारलं, "खुर्चीला पट्टा आहे ना?"

वायरलेसचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. थोडं बोलायचं. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, एकदाच विचारायचा, उत्तर ऐकायचं, वहीत वेळ टाकून लिहायचं, खलास. समोर भिंतीवर प्रश्नांचं कार्ड लावलेलं. कुठे आहात, किती जण आहात, मदत हवी का. तेव्हा त्या कार्डावर हा तिसरा प्रश्न होता, आता नाही. आमच्या नाशिकच्या घरी कुणी एका वाक्यात बोलणं आटोपलं तर बाकीचे कपाळाला हात लावून ताप बघतात, तेव्हा मला हे जड जाणारच होतं. मी एक जादा वाक्य बोलले की कप्तान एक बोट वर करायचा. पहिल्या महिन्यात त्याची हाताची बोटं पुरायची नाहीत. पण सहा महिन्यांनी मी अशी काही तयार झाले की त्याने बोट वर करणंच सोडून दिलं. मला त्याचा फार अभिमान होता, हे आत्ताच सांगून ठेवते.

तो शुक्रवार थंडी सरतानाचा. सकाळपासून वायव्येचा वारा वाढत चालला होता आणि धुळीने आभाळ पांढुरकं झालं होतं. अकराच्या सुमाराला बंदरात परतणाऱ्या एका मच्छीमार बोटीने कळवलं की वाळूच्या पट्ट्यापलीकडे एक छोटी पांढरी बोट नुसतीच वाहत चाललेली दिसली. कप्तान आणि फिलिपिनो लगेच लाइफ जॅकेट चढवायला लागले. मी त्या बोटीला हाक मारली, इंग्रजीत. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा हिंदीत मारली, तर उत्तर आलं, "हां मॅडम, थोडा इंजिन बंद पड गया है, बाकी कुछ नहीं है."

त्या 'थोडा'वरचा हेल मी ओळखला. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कुठेतरी तो जन्मलेला होता. मी विचारलं, "तुम्ही मराठी का हो?"

खरखरीतून एकदम उजळलेला आवाज आला, "होय तर! देवगडकडचो मी, ताई!"

आता तुम्हीच सांगा, भर समुद्रात मराठी माणूस सापडल्यावर काय होतं? मला आनंदाचं भरतं आलं. तरी मी शिस्त सोडली नाही. तो दोह्यातल्याच अल नस्र भागातल्या एका दुकानदाराकडे ड्रायव्हर होता. बोट मालकाची, शुक्रवारी मासे मारायला मालकानेच दिलेली. बरोबर खोलीतला सोबती, परभणीकडचा वेल्डर, त्याला पोहता येत नव्हतं आणि तो आडवा पडून ओकत होता. कुठे आहेत ते त्याने नीट सांगितलं. राहिला कार्डावरचा तिसरा प्रश्न.

"मदत हवी का? आमची बोट पाठवू?"

"नको, नको हो ताई! कशाक उगाच तुमका त्रास? करतंय मी चालू. दोन मिनिटांचा काम."

मी वहीत लिहिलं, पांढरी बोट, दोन माणसं, मदत नको. अर्थात इंग्रजीत, पण मनात मराठीतच. कप्तानाने दारातून विचारलं, नक्की? मी म्हणाले, नक्की. त्याने जॅकेटची चेन खाली ओढली. फिलिपिनोने एक छोटी शिट्टी मारली आणि दोघे आत येऊन बसले.

मी स्वतःवर खूश होते. एक प्रश्न, एक उत्तर, एक नोंद. नवऱ्याला मेसेज टाकला, "समुद्रात देवगडचा माणूस सापडला." त्याचं उत्तर, "हापूस आहे का विचार." मी हसले, केटल लावली आणि डबा उघडला. बाहेर वारा केबिनच्या पत्र्याला थडाथड मारत होता. तो मला ऐकू येत होता, एवढंच.

चहा झाला. मी कप्तानासमोर बेसनाचे लाडू धरले. तो दर शुक्रवारी म्हणतो तसंच म्हणाला, नको, थँक यू. आणि मी दर शुक्रवारी करते तेच केलं. त्याच्या हातात लाडू ठेवला. "खा हो, एकाने काय होतंय?" त्याच्या देशात नको म्हणजे नको असतं. बिचाऱ्याला दोन वर्षं लागली हे कळायला, की माझ्यासमोर नको म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण माझ्या हिशेबी पहिलं नको हे नुसतं तोंड उघडण्यासाठी असतं. पाहुण्याने ते म्हणायचं असतं आणि यजमानाने ते ऐकायचं नसतं. कुणी पहिल्याच फटक्यात "हो, द्या" म्हणालं तर मागे त्याच्याबद्दल बोलतात, आणि कुणी पहिल्याच नकाराला ताट उचललं तर त्या बाईबद्दल तर जन्मभर बोलतात.

कप्तानाने लाडू तोंडात टाकला आणि मी डबा खाली ठेवला.

मी त्या माणसाला मराठीत विचारलं होतं. मदत देऊ का, असं. आणि त्याच्या पहिल्या नकाराला ताट उचललं होतं.

घड्याळात बघितलं, वीस मिनिटं झाली होती. मी वायरलेसवर झडप घातली. "देवगडकर, ऐकू येतंय का?" काही नाही. पुन्हा हाक मारली. नुसती खरखर. चौथ्या हाकेला आवाज आला, आधीपेक्षा बारीक आणि दमलेला. "बोला ताई."

"इंजिन झालं चालू?"

"नाय अजून. होतला."

"बोटीत पाणी आलंय का?"

"जरासा."

"जरासं म्हणजे किती? खरं सांगा."

"मघा घोट्याएवढा होता. आता गुडघ्याक लागता. लाट मागसून आत येता ना."

मी कप्तानाकडे वळून एवढंच ओरडले, "जा!" त्याने एक प्रश्न विचारला नाही. तोंडातला लाडू तसाच ठेवून तो धावला, मागे फिलिपिनो. इंजिनं सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी हा गृहस्थ वायरलेसवर मला सांगत होता, "पण ताई, नको हो उगाच. तुमचो जेवणाचो टाइम."

माझा संताप झाला. गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस माझ्या जेवणाची काळजी करतोय! मी शिस्त, कार्ड, कप्तानाची बोटं, सगळं गुंडाळून ठेवलं आणि आमच्याकडच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाले, "ते काही चालायचं नाही. बोट निघालीय. तुम्हाला यायलाच लागेल."

आणि तो बुडणारा माणूस, मी शपथेवर सांगते, अगदी भिडस्तपणे म्हणाला, "बरा तर. तुमचो एवढो आग्रह आसा तर येऊंदे."

मग मी त्याला बोलतं ठेवलं. लाइफ जॅकेट आहेत का? एक आहे, ते सोबत्याला घातलंय. पाणी उपसताय कशाने? बर्फाच्या डब्याच्या झाकणाने. सोबती काय करतोय? देवाचं नाव घेतोय. तटरक्षक दलालाही मी कळवलं, पण त्यांची जवळची बोट लांब होती. पुन्हा त्याच्याशी बोलायला गेले तर त्याचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. पुष्कळ हाका मारल्या. बॅटरी गेली असेल, मी स्वतःला सांगितलं. बॅटरीच गेली असेल.

कप्तानाला जागा सांगून झाली होती. आता माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी बाहेर धक्क्यावर गेले. वाऱ्याने डोळ्यांत वाळू जात होती. ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळून मी समुद्राकडे बघत उभी राहिले आणि पहिल्यांदा मला पुस्तकातल्या त्या बायका दिसल्या, ज्यांची पानं मी उलटून टाकायचे. त्यात काही घडत नाही म्हणे! माझ्या आत एवढं घडत होतं की मला धक्क्याचा लोखंडी खुंट धरावा लागला. वीस मिनिटांत गुडघाभर, म्हणजे पुढच्या वीस मिनिटांत किती, हे गणित मी मनात करत होते आणि दर वेळी उत्तर अर्धवट सोडत होते. त्या पुस्तकात वाचवायला जाणाऱ्यांच्या शौर्यावर शेकडो पानं होती. पण वाचवणाऱ्याने नीट विचारलंच नाही म्हणून गेलेल्या माणसांवर एकही पान नव्हतं. ते लिहिणार कोण?

नारिंगी ठिपका दिसला तेव्हा मी माणसं मोजायला लागले. एक उभा, तो कप्तान. एक मागे, तो फिलिपिनो. मग बराच वेळ दोनच. लाटेवर बोट वर आली तेव्हा तळाशी बसलेली दोन डोकी दिसली. मी तिथेच रडले. कुणी बघत नव्हतं म्हणून नाही, बघत असतं तरी रडले असते.

कप्तान धक्क्यावर चढला आणि मी विचारायच्या आत म्हणाला की अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर दोघे गेले असते. पांढरी बोट त्यांना आणताच आली नव्हती, तिचं नाक तेवढं पाण्यावर उरलं होतं.

देवगडकर चाळिशीचा, काटकुळा, ओठ निळे पडलेले. तशा अवस्थेतही त्याने मला हात जोडले. परभणीकर वेल्डर जमिनीवर पाय टेकल्यावर दोन पावलं चालला आणि धक्क्याला कपाळ टेकून तसाच राहिला. मी दोघांना केबिनमध्ये नेलं, पांघरुणं दिली, गरम चहा हातात दिला, नको म्हणायला वेळच ठेवला नाही. आणि मग मला जो राग आला तो आला.

"तू मला नको का म्हणालास रे?" अहोजाहो कुठे गेलं ते मलाच कळलं नाही. "पाणी भरत होतं ना तेव्हाच? जीव गेला असता दोघांचा! मदत हवी का विचारलं तर हो म्हणता येत नाही?"

तो ओशाळून हसला. "ताई, तुमी मराठीत इचारलात ना. साहेबान इंग्लिशीत इचारल्यान असता तर मी कधीच येस सर म्हटलंय असतंय. आपल्या माणसाक एकदम हो कसा म्हणाचा? बरा दिसता?"

"आणि मी परत विचारलंच नसतं तर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की या बाईला वाऱ्याने काही झालंय की काय. "असा कसा? तुमी परत इचारतल्यात, ह्या माका ठावक होता. म्हणान तर मी वायरलेस हातातसून खाली ठेवलंय नाय. एका हातान पाणी काढी होतंय आणि एका हातात ता धरून."

परभणीकराने पहिल्यांदा तोंड उघडलं. दात वाजत होते, तरी तो सांगायला लागला. "ताई, मी सारखं म्हणत होतो यांना, ओरडा की आता, हाक मारा की त्यांना. हे म्हणायचे, थांब, ताई आत्ता विचारतील. पाणी पोटरीला आलं तरी हेच. मग मी म्हणलो, त्या इसरल्या असतील. तर लई रागावले माझ्यावर. म्हणले, असं बोलू नये."

देवगडकर चहाचा कप दोन्ही हातांत धरून मान हलवत होता, सोबत्याला काही कळत नाही म्हणून.

समोर टेबलावर वही उघडीच होती. माझ्या वळणदार अक्षरात पहिली नोंद, आणि तिच्या खाली वीस मिनिटांनंतरची दुसरी. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. खरं सांगावं असं तोंडावर आलं होतं. मी वही मिटली आणि म्हणाले, "हो, विचारणारच होते मी."

"तरी मी ह्येका सांगत होतंय," तो म्हणाला आणि निवांतपणे चहा प्यायला लागला.